मामासकट दीडशे जणांना आमंत्रण

मी घरात सगळ्यात धाकटी आणि तोंडानं सगळ्यात मोठी. हे माझं नाही, आईचं म्हणणं आहे, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते. त्यामुळे कॉलेजात डिजिटल मीडियाचा तीन महिन्यांचा कोर्स निघाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. म्हटलं, चार लोकांपर्यंत आपलं बोलणं पोचवायचं शिकवणार आहेत तर आपण मागं कशाला राहायचं? बाबा म्हणाले, "फोन बघायचं सर्टिफिकेट?" बाबा सरकारी कचेरीत बाबू आहेत. कागदावर शिक्का नसला की त्यांना चैन पडत नाही. मी म्हटलं, शिक्कापण भेटणार आहे. मग ते पेपर वाचायला लागले.

कोर्स मला फार आवडला, खरंच फार. कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही वीस मुली, तीन पंखे, त्यातला एक फिरणारा. मॅडम बुरहानपूरच्याच, बोलायला फटकळ, पण शिकवायला जीव तोडून. व्हिडिओ कुठं कापायचा, अक्षरं किती मोठी ठेवायची, खिडकीकडं पाठ करून कुणाला उभं करायचं नाही, सगळं त्यांनी हात धरून शिकवलं. पहिला गृहपाठ म्हणून मी मावा जिलेबीवाल्या काकांचा हात शूट केला, नुसता हात, कढईवर गोल गोल फिरणारा. मॅडम म्हणाल्या, तुझा हात हलतोय, पण तळण्याचा आवाज मस्त आलाय. तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते. घरात जो दिसेल त्याला पकडायची. बाबांची दाढी, आईचं लाटणं, गच्चीवरचे पापड, काही सोडलं नाही. आई म्हणायची, "बाई गं, एवढं लक्ष कधी भाजीत मीठ टाकताना दिलं असतंस तर!"

शेवटच्या महिन्यात मॅडमनी मोठं काम दिलं. आपल्या आसपासचा एखादा खरा कार्यक्रम घ्यायचा आणि त्याची माहिती लोकांपर्यंत पोचवून दाखवायची. कोणी भावाचं दुकान घेतलं, कोणी गल्लीतला गणपती. मला शोधायची गरजच नव्हती. ताईचं लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं.

चार दिवस खपून मी आमंत्रणाचा व्हिडिओ केला. शाहपूरकडच्या एका मळ्यात जाऊन केळीची पानं शूट केली, कोवळी, उन्हात पारदर्शक दिसणारी. त्यावर गणपती, मग ताई आणि होणाऱ्या जिजूंचा फोटो, मग तारीख, वेळ, मंगल कार्यालय, खाली सनई. चाळीस सेकंद. ताईनं बघितला आणि माझ्या गळ्यातच पडली. एरवी ती मला आपला कंगवासुद्धा देत नाही.

मॅडमनी सांगितलं होतं, रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला लोक निवांत फोन बघतात. मी बरोबर अकराला आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दीडशे जण आहेत त्यात. आत्या, काका, साडू, व्याही, कोण कुणाचं कोण हे मलाही धड सांगता येत नाही. पाच मिनिटांत फुलं, टाळ्या, हात जोडलेले, नाचणाऱ्या बायका, नुसता पाऊस. मी जमिनीवर नव्हते. आई स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. म्हटलं, जेवताना दाखवू, सरप्राइज.

जेवण झालं आणि बाबांचा फोन वाजला. मामा होते.

आता हे मामा म्हणजे आईचा एकुलता एक मोठा भाऊ. तापीच्या पलीकडं, जैनाबादला राहतात. केळीची बाग आहे. माणूस सोन्यासारखा, पण रागावला की विहिरीत उतरून बसल्यासारखा बसतो, काढायला माणसं लागतात. आणि आमच्यात नवरीला मामाच मांडवात आणतो. अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. ताई लहानपणी रुसली की म्हणायची, मी मामांकडं राहायला जाते. ती त्यांची पहिली भाची.

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला होता, हात ओला होता म्हणून. मामांचा आवाज सगळ्या घरानं ऐकला.

"पाव्हणे, आमंत्रन भेटलं बरं का. फोनमधी भेटलं. मंग आता मी आशीर्वाद भी फोनमधीच धाडतो. दोन फुलं टाकतो, एक नारळ टाकतो. झालं ना?"

आणि ठेवून दिला.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी फोन पुढं केला. तिनं पूर्ण व्हिडिओ बघितला, चाळीस सेकंद, सनईसकट. मग मला म्हणाली, "छान केलाय." आणि आत निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आमच्या घरची रीत अशी. पहिली पत्रिका इच्छापूरच्या देवीपुढं ठेवायची. दुसरी मामांची, आणि ती टपालानं नाही, माणसाच्या हाती नाही, बहिणीनं स्वतः भावाच्या दारात जाऊन, अक्षत देऊन. तोवर बाकी कुणालाही आमंत्रण जात नाही. देवीची पत्रिका आधीच्या शुक्रवारी झाली होती. मामांची राहिली होती कारण आईनं त्या दिवसासाठी घेतलेली साडी फॉल-पिकोला पडली होती आणि शिंपिणीला ताप आला होता. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. लहानपणापासून बघते आहे. पण माझ्या डोक्यात तो नियम छापील पत्रिकेचा होता. मोबाइलचा त्याच्याशी काय संबंध, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटलं होतं.

तरी मी भांडले. चूक झाली की मी आधी भांडते, मग मान्य करते. "मामांना तारीख पाठ आहे! साखरपुड्याला पहिल्या रांगेत तेच बसले होते! मग मी नवीन काय सांगितलं त्यांना?"

आई कपाटाशी उभी होती. म्हणाली, "तारीख कळणं वेगळं, बोलावणं वेगळं. पोरीच्या लग्नाचं बोलावणं घेऊन भावाच्या दारात जायचं, हे बाईला आयुष्यात कितीदा येतं? मला दोनदा येणार होतं. त्यातलं एक तू सकाळी अकराला पाठवून मोकळी झालीस. आता मी तिकडं काय तोंड घेऊन जाऊ? शिळं आमंत्रण घेऊन?"

मला रडू आलं. रागाचं होतं, पण आलं. आणि त्या भरात मी दुसरी चूक केली. ग्रुपवर जाऊन तो व्हिडिओ सगळ्यांसाठी डिलीट करून टाकला. म्हटलं, नसलाच तर प्रश्नच मिटला.

लो, झालं कल्याण! दीडशे जणांच्या फोनवर व्हिडिओच्या जागी आलं की हा मेसेज काढून टाकला आहे. सकाळी आमंत्रण, दुपारी गायब. अर्ध्या तासात बाबांना अकरा फोन. "काय झालं हो? मोडलं का?" "देण्याघेण्यावरून फिसकटलं का?" एक आत्या तर फोनवरच रडायला लागली आणि म्हणाली, मला तो मुलगा पहिल्यापासून पसंत नव्हता. शेवटी मुलाकडच्यांचा फोन आला, फार जपून, फार गोड आवाजात, की आमच्याकडून काही चुकलं का? ताई माझ्याकडं अशी बघत होती की मी गच्चीवर पळाले.

बाबांनी मग स्वतः ग्रुपवर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिथं काही टाकलं. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की नियोजित विवाह रद्द झालेला नाही. कृपया नोंद घ्यावी." खाली स्वतःचं पूर्ण नाव. त्याला सगळ्यांनी अंगठे दिले. मामांनी काहीच दिलं नाही.

सोमवारी लॅबमध्ये मॅडमनी विचारलं, कुणाचं काम कुठवर आलं? मी उभी राहून सगळं सांगितलं. वाटलं, त्या काहीतरी पुस्तकातलं सांगतील, चुकलेली पोस्ट कशी सावरायची वगैरे. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं ए, मामाच्या आधी ग्रुपवर टाकलंस?" आणि बाकीच्या एकोणीस मुलींनी एका सुरात "हाय राम!" केलं. मतलब सगळ्या जगाला माहीत होतं, मलाच तेवढं सुचलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "प्रोजेक्ट राहू दे. आधी नदी ओलांड."

घरी येऊन मी आईला सांगितलं, "तू येत नसशील तर नको येऊस. मी एकटी जाते. चूक माझी आहे."

"तू? तुला अक्षत उजव्या हातानं द्यायची की डाव्या, ते माहीत आहे का? पत्रिकेवर आधी हळद की कुंकू?"

"नाही."

"मग काय बोलशील तिथं जाऊन?"

"सॉरी बोलेन."

"सॉरी म्हणे!" आई उठली. "माझ्या भावासमोर हिचा फजितवाडा मी घरात बसून ऐकू का? स्कूटी काढ." साडी अजून शिंपिणीकडंच होती. आईनं रोजच्यातली बरी साडी नेसली, पिशवीत पत्रिका, नारळ, अक्षता, मामीसाठी ब्लाउजपीस घेतलं आणि माझ्या मागं बसली. पुलावरून जाताना स्पीडब्रेकरवर माझा खांदा घट्ट धरायची.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघितलं आणि बागेकडं बघायला लागले. मामीनं पाणी आणलं. आई उभीच राहिली. पिशवीचे बंद तिनं हाताला गुंडाळून घेतले होते. मी स्कूटीची किल्ली नुसती बोटात फिरवत राहिले. माझं एवढं तोंड, त्या दिवशी कुठं गेलं होतं कोण जाणे. मनात एकच होतं, हे आता म्हणतील की भेटलंय आमंत्रण, कशाला आलात. असं म्हणाले असते तर आई तशीच मागं फिरली असती, मी ओळखते तिला. आणि मग ताईच्या पाठीशी कोण उभं राहणार होतं?

आई म्हणाली, "दादा..." आणि थांबली.

मामांनी तिच्याकडं बघितलं. मग बाजेवरचं पांघरूण बाजूला सारून जागा केली.

"ये, बस. बऱ्याच दिवसांनी आली व माय. आज काहून येनं केलं?"

आई बाजेच्या कडेला टेकली. "लग्न काढलंय," ती म्हणाली.

"असं?" मामा म्हणाले. "कोनाचं?"

मी मामांच्या तोंडाकडं बघतच राहिले. चेहरा अगदी साधा, सरळ, जणू खरंच माहीत नाही. साखरपुड्यात ज्यांनी हातानं पेढे वाटले, त्यांनी विचारलं, कोणाचं लग्न. आईनं पदरानं नाक पुसलं आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं. थोरलीचं. मुलगा खंडव्याचा. स्थळ कुणी आणलं, बघायला कोण कोण आलं होतं, पोहे कुणी केले होते. मामा प्रत्येक गोष्टीला "अच्छा, अच्छा" करत होते, मध्येच विचारत होते, "उंची काय पोराची?" आई उंची सांगत होती. मामी भिंतीला टेकून हसत होती. आत जाऊन मामांनी धुतलेला सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली, बाहेर येऊन पाटावर बसले आणि ओंजळ पुढं केली. आईनं पत्रिका दिली, अक्षत दिली, उजव्या हातानं. तिचा आवाज चांगला खणखणीत झाला होता. "दादा, वहिनी, पोरीच्या लग्नाला यायचं. आधी यायचं, मांडव तुम्हीच बघायचा."

"येनारच ना," मामा म्हणाले. "पोरीच्या मागं मी नाही तर कोन राहीन उभा?"

मी उंबऱ्यावरच बसले. इतकं बरं मला परीक्षा पास झाल्यावरही कधी वाटलं नाही.

चहा झाला. आम्ही निघणार तेवढ्यात मामांनी मला हाक मारली. "इकडं ये व शिकलेली." सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि बोटानं बरंच वर-खाली करून एक व्हिडिओ उघडला. केळीची कोवळी पानं, गणपती, सनई. मी ग्रुपवरून पुसला होता, यांनी त्याआधीच फोनमध्ये उतरवून घेतला होता.

"हे स्टेटसला कसं लावतात, ते लावून दे," मामा म्हणाले. "चार दिवस राहिलं पायजे."

"एकच दिवस राहतं मामा. रोज लावावं लागतं."

"मंग रोज लावीन, शिकव. आता काही हरकत नाही. आता मले बहिणीनं बोलावलंय."

मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसले आणि त्यांचं जाड बोट धरून कुठं दाबायचं ते दाखवायला लागले.