निळ्या तारेचा पंख

"फ्रीजमध्ये मटाराच्या पिशवीखाली मेलेला पक्षी ठेवतं का कुणी, आई?"

"अख्खा कुठाय? नुसता पंख आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि वाळलेला आहे. वास येत नाही. हवं तर हुंगून बघ."

"मी हुंगू?"

"मला मध्ये ओढू नका," नवरा पेपराआडून म्हणाला आणि लगेच स्वतःच मध्ये पडला. "आई, आता बास झालं ते किनाऱ्यावर फिरणं. गुडघा बघ तुझा. बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी. मी त्या पक्षी मोजणाऱ्या संस्थेला फोन करतो, तुझा किनाऱ्याचा पट्टा दुसऱ्या कुणाला तरी देतील."

सासूबाईंनी पंख फ्रीजमधून काढून शिवणयंत्रावर ठेवला.

त्या कपडे शिवायच्या, सासरे वायरमन. घरात दोनच खोल्या, त्यातली एक गिऱ्हाइकांची. नवराबायकोला निवांत बोलायला जागा म्हणून ती नव्हतीच. मग कुणीतरी त्यांना या कामाचं सांगितलं: रविवारी सकाळी किनाऱ्याचा ठरलेला पट्टा चालायचा, वाहून आलेले मेलेले पक्षी, कधी एखादा डॉल्फिन, मोजायचे आणि संस्थेला कळवायचं. दोघं हौसेनं जायला लागली. शेजारीण विचारायची, "जोडीनं फिरायला निघालात की मयताला?" सासरे म्हणायचे, "वेगवेगळं जायला वेळ कुणाला आहे?"

मापं सासूबाई घ्यायच्या. टेप गळ्यात असायचीच. पंख ताणून धरायच्या आणि म्हणायच्या, "याची बाही लांब आहे हो." सासरे कामावरून उरलेले रंगीत वायरचे तुकडे खिशातून काढायचे आणि मोजलेल्या पक्ष्याच्या पंखाला एक गुंडाळायचे. तार दिसली की समजायचं, हा मोजून झालाय. त्याला हलवायचं नाही, पुन्हा मोजायचंही नाही. तारेची टोकं मात्र ते पकडीनं आत वळवायचे.

"टोचायला नको," म्हणायचे.

"मेलेल्याला काय टोचणार, कर्म माझं!" सासूबाई हसायच्या. घरी आल्यावरही हसत असायच्या. लग्न होऊन मी नवीन आले होते. एवढं हसण्यासारखं तिकडे काय असतं ते मला कळायचं नाही.

सासरे गेले त्याला वर्ष झालं. सासूबाई एकट्या जायला लागल्या. तार संपल्यावर शिवणाचा दोरा बांधायच्या.

मी यंत्र पुसायला फडकं घेऊन गेले आणि थांबले. पंखाला निळी तार होती. टोकं आत वळवलेली.

"वादळानं वाळू उकरली," सासूबाई म्हणाल्या. "त्याखालून वर आला."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. उठून आला, तारेवरून बोट फिरवलं.

"राहू दे फ्रीजमध्ये," तो मला म्हणाला. "मटार काढ."

मी खरंच पिशवी काढायला गेले.

"काही काढू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मोजलेला पक्षी जागचा हलवायचा नसतो. मी हलवला. ते असते तर माझ्याशी आठवडाभर बोलले नसते." त्यांनी पंख जुन्या अस्तराच्या कापडात गुंडाळला. "रविवारी नेऊन ठेवते, होता तिथे. त्याच्या पुढच्या रविवारीही जाणार आहे. फोनबिन कुणी करायचा नाही. आणि नाश्त्याला माझ्यासाठी थांबू नका."