बाबाच्या होडीखाली छापलेली ओळ

पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची मी सभासद आहे. पनवेलच्या मॉलमध्ये त्यांचा स्टॉल लागला होता, तिथे मी नाव नोंदवलं. मागे फ्लेमिंगोंचं भलंमोठं पोस्टर होतं आणि त्यातली खाडी आमची होती, उरणकडची, माझ्या माहेरची. बाबाची होडी तिथेच असते. स्टॉलवरची मुलगी मला फ्लेमिंगो कुठून येतात ते सांगायला लागली. मी म्हटलं, "अगं, आमच्या दारातूनच दिसतात ते." तिला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही आवडलं. त्या महिन्यापासून माझ्या पगारातून त्यांच्याकडे पैसे जाऊ लागले.

बाबाला सांगितलं तेव्हा तो हसला. "पाखरांना कशाला पैसं? ती फुकट खातान ना आमचे खारीत!"

सभासदांना अंक येतो. गुळगुळीत कागद, थोडं मराठी, बरंचसं इंग्रजी. एका रविवारी पोह्यांची बशी बाजूला सारून मी तो चाळत होते आणि मधल्या पानावर हात थांबला. निळी होडी, पुढच्या टोकाला, नाळेवर, पिवळा पट्टा. होडीत पाठमोरा माणूस जाळं ओढतोय, समोर फ्लेमिंगोंचा थवा उडालाय. ती पाठ मी ओळखणार नाही? डावा खांदा जरा खाली, बनियनवर आईनं लावलेलं ठिगळ. फोटोखाली इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की माणसाच्या अतिक्रमणामुळे पक्ष्यांचं घर धोक्यात आलं आहे.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग फोटो कुठून काढलाय ते लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं. खाडीचा तो कोपरा तसा दिसायला एकाच जागी उभं राहावं लागतं. कंटेनर यार्डवाल्यांनी चिखलात मुरूम ओतून जो भराव केलाय, त्याच्या टोकावर. फोटो काढणारा त्या भरावावर उभा होता. त्याच्या पाठीमागे डंपर रिकामे होत असणार. तिकडे पाठ करून त्यानं कॅमेरा माझ्या बाबावर धरला.

सोमवारी मी संस्थेत फोन केला. पलीकडचे गृहस्थ फार गोड बोलले. "मॅडम, तो प्रातिनिधिक फोटो आहे. कोणाचा चेहरा दिसत नाही."

"चेहरा दिसत नाही, पण पाठ माझ्या बाबाची आहे," मी म्हटलं.

"तुमच्या भावना पोचवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी अंक पिशवीत घालून मी माहेरी गेले. बाबाला एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. पण आई चहा ठेवत होती तेवढ्यात त्यानं पिशवीत हात घातलाच. पान उघडलं आणि ओरडला, "आये गं! ही तं माजी होडी!" मी काही बोलायच्या आत तो ओट्यावर. शेजारचे काका आले, जाळी विणत बसलेले दोघे उठून आले. बाबा प्रत्येकाला पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून दाखवत होता. मग माझ्याकडे वळला. "बाय, वाच ना. खाली काय लिवलंय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बरं बनवून सांगता आलं असतं. पण उद्या दुसऱ्या कोणी वाचून दाखवलं असतं तर? मी जसं होतं तसं सांगितलं.

"अतिक्रमण?" बाबा म्हणाला. "कोन, मी?"

शेजारचे काका खाकरले आणि निघून गेले. बाबानं अंक मिटून माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाला, "आन तू यांना पैसं देतस."

परतताना बसमध्ये मला रडू आलं नाही, फक्त दात आवळून दुखायला लागले.

संस्थेचा सभासद मेळावा पनवेललाच एका हॉलमध्ये होता. बाबाला म्हटलं, चल माझ्याबरोबर. "नाय. आनखी फोटो काढतील," म्हणाला. मी एकटीच गेले. दारात कापडी पिशव्या वाटत होते, आत पडद्यावर पक्षी येत होते, लोक टाळ्या वाजवत होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले आणि अंक वर धरला. "हा फोटो कोणी काढला?"

पुढच्या रांगेतून एकानं हसत हात वर केला.

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"तिथे एक उंचवटा आहे."

"त्याला भराव म्हणतात. तो टाकल्यापासून आमच्याकडे भरतीचं पाणी धड येत नाही. मासे नाहीत, आणि चिखल सुकला की तुमचे पक्षीही नसतील. त्याचा फोटो का नाही छापला?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षबाई उठल्या. त्यांचा सूर समजुतीचा होता. भरावाविरुद्ध संस्थेनं तक्रार केली आहे, पण प्रकरण चालू असताना त्याबद्दल काही छापू नका असं वकिलांनी सांगितलंय, म्हणाल्या.

"म्हणजे यार्डवाल्यांकडे वकील आहेत म्हणून त्यांच्या भरावाचा फोटो नाही छापायचा," मी म्हटलं. "माझ्या बाबाकडे वकील नाहीत, म्हणून त्याचा छापला."

माझा आवाज चिरकत होता. शेजारची बाई माझ्या पदराला धरून "बसा, बसा" म्हणत होती. मी बसले नाही, तशीच बाहेर पडले. सोमवारी बँकेत जाऊन पैसे बंद केले.

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आलं, की त्या छायाचित्रातली व्यक्ती स्थानिक पारंपरिक मच्छीमार असून गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. गैरसमज! जणू आम्हालाच वाचता आलं नव्हतं.

नंतर बऱ्याच दिवसांनी स्टॉलवरच्या त्या मुलीचा फोन आला. भरावाच्या प्रकरणात पूर्वी पाणी कुठवर यायचं ते सांगणारा कोणी गाववाला हवा होता. ती अडखळत विचारत होती, "ताई, तुमचे बाबा बोलतील का?"

"अतिक्रमण करणाऱ्याची साक्ष चालते का तुम्हाला?"

ती म्हणाली, "मी स्वतः येऊन त्यांची माफी मागते."

ती आली. बाबानं तिला ओट्यावर बराच वेळ बसवून ठेवलं, आत जाऊन जेवला, मग बाहेर येऊन तिला झाड झाड झाडलं. पोरगी खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी आईच म्हणाली, "पुरे आता. सांग तिला काय ते." मग तो सांगायला बसला आणि संध्याकाळपर्यंत सांगत होता.

मी पैसे पुन्हा चालू केले. नवऱ्याला वाटलं, माझा राग गेला. राग गेलेला नाही. भरावाविरुद्ध गावानं दिलेले अर्ज कोणी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते. पक्ष्यांच्या नावानं तक्रार गेली तेव्हा कुठे एक सरकारी साहेब खाडीवर येऊन बघून गेला. बाबाला पाणी हवं असेल तर ते फ्लेमिंगोंसाठी मागावं लागतं, आणि ते मागणारे लोक त्यालाच अतिक्रमण म्हणतात. त्यांच्याशिवाय जायला दुसरीकडे कुठे जागा नाही, म्हणून मी त्यांना पैसे देते.