कॅरिबियन पाम आणि मॅडमचा अडकित्ता

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! टायपिंगच्या चुका पोटात घाला, मी ट्राममध्ये उभी आहे आणि एका हातानं लिहितेय.

आमच्या मॅडम. कुठलंही पान हातात आलं की आधी चष्मा कपाळावर चढवायच्या, मग भिंग डोळ्याला लावायच्या आणि पान इतकं जवळ आणायच्या की नाकाला टेकायचं. आणि मला म्हणायच्या, "दिसतंय ते लिही. वाटतंय ते नंतर."

मी श्रीवर्धनची, मास्टर्ससाठी जर्मनीत आलेली. राइनकाठच्या एका छोट्या बोटॅनिकल गार्डनमध्ये थीसिसचं काम मिळालं, आणि तिथे या सांगलीच्या मॅडम! माझ्या जन्माआधीपासून इकडे. सगळे त्यांना 'फ्राऊ डॉक्टर' म्हणायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "बरं झालं आलीस. इथे कोणावर मराठीत ओरडताच येत नाही."

आणि ओरडल्या की हो! माझं काम होतं काचघरातल्या एका कॅरिबियन पामचं वर्णन लिहायचं. पंख्यासारखी पानं, मागून चंदेरी, खोडाभोवती गोणपाटासारखी जाळी. मी लिहिलं, 'पानं फार सुंदर.'

"सुंदर म्हणजे किती सेंटीमीटर?"

पण त्या पामचे दिवस भरले होते. शेंडा छताच्या काचेला टेकला होता, आणि बागेनं ठरवलं होतं, तोडायचा. साधीच तर जात, सगळ्या बागांमध्ये असते. साधी जात हे कोणी ठरवलेलं? मॅडमनीच. झाड लहान असताना त्याचं पान वाळवून बागेच्या संग्रहासाठी जाड कागदाच्या शीटवर चिकटवलेलं, आणि खाली नावाची चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात.

आणि तोडायच्या तोंडावर तो पाम पहिल्यांदाच फळला! मी शिडीवर चढून फळं काढली. काळी-जांभळी, वाटाण्याएवढी. आतलं बी म्हणजे दगड. लॅबची ब्लेड वाकली, बी तसंच. मॅडमनी शांतपणे पर्समधून अडकित्ता काढला.

"मॅडम, तुम्ही सुपारी खाता?"

"दात कुठे राहिलेत? अगं, सुपारीसुद्धा पामचंच बी. श्रीवर्धनची ना तू? काप."

कट्ट! दोन तुकडे. भिंगातून बघितलं, डोळे पुसून पुन्हा बघितलं. साध्या जातीच्या बीला वरवरच्या खाचा असतात. इथे खाचा पार मध्यापर्यंत गेलेल्या.

"काय दिसतंय?"

"मॅडम, पण तुमच्या चिठ्ठीवर तर..."

"चिठ्ठीचं कोणी विचारलं? बीत काय दिसतंय?"

सांगितलं. त्यांनी स्वतः बघितलं, खूप वेळ बघितलं. चष्मा कपाळावरच राहिला.

"हा तो दुर्मीळ आहे गं. त्याच्या बेटावरसुद्धा थोडेच उरलेत. आणि मी याला साधा म्हणून मोकळी झाले. फळ आलं नव्हतं तेव्हा. थांबायला हवं होतं."

त्यांची रिटायरमेंट तोंडावर आलेली. मी दाराकडे बघून घेतलं. म्हटलं, "मॅडम, गुपचूप बदलूया का चिठ्ठी?"

"वेडी आहेस का! शीटवरची जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते. माझी चूक राहू दे तिथेच. शेजारी नवी लाव, तुझ्या नावाची."

"माझ्या? तुमचं लिहिते ना."

"बघितलं कोणी आधी?"

मग तडक बागेच्या प्रमुखांच्या केबिनमध्ये. मी मागे, हातात बशी, बशीत अर्धं बी. प्रमुख हसले. "फ्राऊ डॉक्टर, हा साधा आहे असं तुम्हीच लिहिलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "चुकले मी." इतक्या सहज, जसं काही ट्राम चुकली! "त्याची शिक्षा झाडाला कशाला?"

आल्झो, म्हणजे थोडक्यात, करवत थांबली. खड्डा खोल खणून अख्खा पाम खाली उतरवला. आता शेंड्यावर मोकळी हवा आहे. त्या बशीकडे बघून काचघराच्या माळीबुवांनी विचारलं होतं, हे कापलं कशानं? त्यांना अडकित्ता समजावताना माझं सगळं जर्मन संपलं.

मॅडम रिटायर होऊन सांगलीला गेल्या, कायमच्या. त्यांच्या टेबलावर आता मी बसते. सवय होत नाहीये. माझं नाव एका पामच्या शीटवर आहे, हे आईला फोनवर सांगताना अजून आवाज चढतो माझा, आणि मग मॅडमचं सांगताना उतरतो.

आणि आज सकाळी, उरलेल्या बियांतलं एक रुजलं! कुंडीत पहिलं पान, एकच, सरळ उभं, सुरीसारखं. पंख्याचा पत्ताच नाही अजून. मी जवळजवळ किंचाळलेच, "मॅडम, बघा!" आणि वळले, तर मागे नुसत्या कुंड्या.

तुमचंही होतं का हो असं? काहीतरी दाखवायला वळता, आणि ज्यांना दाखवायचं ते माणूस सांगलीला असतं?