अण्णांनी मारलेली रेघ

बातमी माझ्याच टेबलावर आली. संध्याकाळचे सहा वाजत होते. कर्जतच्या बातमीदाराने चार ओळी पाठवल्या होत्या : माळावरच्या पर्यटन विमानाचं पातं लागून एक कर्मचारी ठार. नाव यायचं होतं. शेवटच्या ओळीत विमानमालकाचं म्हणणं होतं, की माणसाकडूनच निष्काळजीपणा झाला. ते मी उचलून मथळ्यात घेतलं, 'निष्काळजीपणामुळे कर्मचाऱ्याचा मृत्यू' असं केलं आणि पान छपाईला सोडलं. वीस मिनिटांनी सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... इमानाच्या पंख्यानं." पान परत मागवता आलं असतं. मला ते सुचलं नाही, मी गाडी काढून कर्जतच्या रस्त्याला लागलो. सकाळी तो मथळा अण्णांच्या घरी पोहोचला.

अण्णा माझे मामेभाऊ, सुमनवहिनींचे यजमान. शाळेत क्रीडाशिक्षक आणि तालुक्यात कबड्डीचे पंच. मैदानावर फक्कीची पांढरी रेघ मारावी तर त्यांनीच. तळाला खिळ्याने भोकं पाडलेला तेलाचा डबा घेऊन ते उलटे चालत जायचे, आणि रेघ दोरी लावल्यासारखी सरळ यायची. एकदा ऐन सामन्यात त्यांनी मला बाद दिलं. पायाचा अंगठा रेघेबाहेर जेमतेम टेकला होता, मी हुज्जत घातली. ते म्हणाले, "अंगठा तुझा हाय, रेघ माझी हाय. हो बाहेर." रात्री जेवायला मात्र शेजारी बसवलं आणि ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढलं.

ते निवृत्त झाले त्याच सुमारास पुण्याच्या एका माणसाने माळावर हे हलकं विमान आणलं. दोन माणसांची बसायची जागा, तीन चाकं, वर कापडी पंख. इंजिन आणि पंखा पाठीमागे. लोक बघायला आणि बसायला येऊ लागले. गर्दी आवरायला गावातला, लोक ज्याचं ऐकतील असा माणूस हवा होता. अण्णांनी पहिल्याच दिवशी विमानाभोवती वीस-वीस पावलांवर फक्की मारली आणि शिट्टी गळ्यात घातली. पंखा पूर्ण थांबल्याशिवाय रेघेच्या आत कोणी नाही.

त्यांना नेमकं काय दिसलं होतं ते सांगायला हवं. आपल्याकडे ट्रॅक्टरला, टेम्पोला माणूस पुढून भितो. इंजिन चालू असलेल्या गाडीला तो मागून वळसा घालतो, तेच अंगवळणी पडलेलं असतं. या यंत्रात मरण मागे होतं आणि फिरताना ते दिसतही नव्हतं. अण्णा प्रत्येक नव्या माणसाला हे सांगायचे. लोक चेष्टा करायचे. "मास्तर, इमानाला बी कबड्डी खेळायला लावता का?" अण्णा म्हणायचे, "व्हय. फक्त हितं बाद झालेला परत आत येत न्हाई."

दुसरं विमान आलं, तेव्हा मालकाने पूजा ठेवली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. नव्या गाडीची करतात तशीच. पाहुणे म्हणून येणारे पुढारी दोन तास उशिरा आले. अण्णांनी मालकाला सांगितलं होतं, की पूजा बंद विमानाची करा, लोक गेल्यावर इंजिन चालू करा. मालकाला लिंबं चिरडत निघणारं विमान आणि मागे फिरणारा पंखा, दोन्ही फोटोत हवं होतं. इंजिन चालू झालं. पुढाऱ्यांबरोबरची माणसं फक्की तुडवत आत गेली. अण्णांची शिट्टी वाजत राहिली. इंजिनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू जाणार होती... औक्षणाचं ताट घेतलेल्या एका बाईंना पुढे गर्दीत वाट मिळेना. त्या मागून वळसा घालायला निघाल्या. ताट सांभाळताना पदर सुटला होता. अण्णा धावले, बाईंना खांद्याला धरून बाहेर ढकललं. त्या पडल्या आणि वाचल्या. अण्णांना पातं लागलं.

पंचनाम्यात आहे, 'मयत इसम सूचना डावलून पंख्याजवळ गेला.' ती सूचना गावात फक्त एक माणूस देत होता. विमान जमिनीवर उभं होतं, तेव्हा हा मृत्यू विमान अपघातात धरावा का, असं मला एका कार्यालयात विचारण्यात आलं. आकाशातून पडलं असतं तर चौकशी लागली असती. पोलीस म्हणाले, विमानातलं आम्हाला काय कळतं. मालकाचं विमान महिन्याभरात पुन्हा उडायला लागलं. मी जाऊन पाहिलं. माळावर रेघ नव्हती. 'आपल्या जबाबदारीवर प्रवेश' अशी पाटी होती.

त्या बाई तेराव्याला आल्या. वहिनींच्या पायाशी बसून म्हणाल्या, "मास्तरांनी मला ढकललं म्हनून मी हाय. पर जबाब द्यायला घरचे सोडीत न्हाईत. त्या पुढारी साहेबांचा राग नको म्हनत्यात." वहिनींनी त्यांना चहा दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या बाईला भ्या हाय. तुमाला कसलं भ्या हुतं?"

मी दुरुस्ती छापून आणली. आतल्या पानावर तीन ओळी. वहिनींनी कात्रण डोळ्यांजवळ धरून वाचलं. "पयलं केवढ्या अक्षरात हुतं," त्या म्हणाल्या, "हे एवढं बारीक का?" म्हणून इथे, उघड्यावर लिहितो : निष्काळजी मालक होता, पाहुणे होते, आणि तो शब्द मथळ्यात बसवणारा मी होतो. अण्णा त्या माळावरचे एकटे काळजी घेणारे होते.

अण्णांच्या अंगणातही एक रेघ होती. नातवंडं खेळतात म्हणून कोणाचीही मोटारसायकल तिच्या आत येत नसे. परवा गेलो तर वहिनी दारात रांगोळी घालत होत्या. ती झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा अण्णांचा डबा काढला आणि फाटकापासून उलटं चालत फक्की टाकली. रेघ जरा वाकडी आली. मी गाडी बाहेर लावली आणि रेघेपाशी थांबलो.

"लिहिलं का?" त्यांनी विचारलं.

"लिहितोय."

"छापून आलं की आत या," त्या म्हणाल्या, आणि डबा खुंटीला लावायला आत गेल्या.