लोखंडी कपाट आणि सुरगाण्याची जीप

मंडळी, गेल्या आठवड्यात घर बदललं तेव्हा मी याच कम्युनिटीवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की जुनं सामान भंगारात घालू नका, गरजूंना द्या. आज ते वाचायचीसुद्धा लाज वाटतेय.

सातपूरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगशेजारी बांधकाम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत सुरगाण्याकडची हिराबाई आणि तिचा नवरा राहायचे. त्यांना मी लोखंडी कपाट आणि सोफा दिला. हिराबाई काहीच बोलली नाही. मला वाटलं, आनंदाने.

आज दुपारी राहिलेल्या कुंड्या आणायला गेले, तर कपाट आणि सोफा खोलीबाहेर उन्हात. दोघं भातलावणीसाठी गावी निघाली होती.

मी चिडूनच विचारलं, "टाकून चाललीस?"

"ताई, जीपला आमीच लटकून जातो. कपाट कुठं ठेवू? दिवाळीनंतर काम कुठं मिळंल, ते बी ठावं नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमी एवढ्या मनानं दिलं, नाय कसं म्हणू?"

मी सात वर्षांनी एकदा घर बदललं आणि दमले. ती दरवर्षी दोनदा बदलते, डोक्यावर मावेल तेवढ्यात.

देण्याआधी तुमच्यापैकी कोणी कधी विचारलंय, की बाई, तुला काय हवंय? मी विचारलं. आज, ती जीपकडे निघाल्यावर.

"तुमचं सामान बांधलं व्हतं ना, ती गोणपाटं अन् दोरी," ती म्हणाली.

ती मी केव्हाच घंटागाडीत टाकली होती.