सोडून आलेल्याला विचारा

सोनवणे सरांच्या अमृतमहोत्सवासाठी लेख मागणारे संपादकांचे चार फोन झाले. उशीर झाला, क्षमा असावी. सध्या परदेशी पीएच.डी.च्या अर्जांचे दिवस आहेत. रोज कोणीतरी मोबाइलवर विद्यापीठांची यादी दाखवतं, "मॅडम, यातलं टॉपचं कोणतं?" सांगून सांगून जीव दमतो. सरांनी हे पस्तीस वर्षं कसं केलं, कुणास ठाऊक!

मी वैजापूरहून आपल्या विभागात एम.एस्सी.ला आले, तेव्हा सर टेबलावर बाजरीची कणसं पसरून बसले होते. नाव न विचारताच म्हणाले, "जेवलीस का? मग बस, दाणे मोज." तीच ओळख.

पुढे मला परदेशातून दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक विद्यापीठ जगात गाजलेलं, दुसऱ्याचं नाव विभागातही कोणी ऐकलं नव्हतं. सरांचा दंडक होता: होकार कळवण्याआधी, त्या गाईडकडून पीएच.डी. अर्धवट सोडून गेलेल्या एकाला तरी गाठायचं. "पास झालेला गोडच बोलंल," ते म्हणायचे. मी शोधून मेल केला. गाजलेल्या ठिकाणाहून निघून गेलेल्या मुलीचं उत्तर आलं, 'गाईड वर्षातून दोनदा भेटतात. चार वर्षं वाट पाहिली.' दुसऱ्या गाईडला सोडून गेलेला एकच सापडला, आणि तोही म्हणाला, माणूस चांगला आहे.

मला रडूच कोसळलं. "सर, गावात फ्लेक्स लागलाय!" आमच्या वस्तीतून परदेशी जाणारी मी पहिली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बसस्टँडसमोर माझा फोटो आणि त्या मोठ्या विद्यापीठाचं नाव झळकवलं होतं.

रविवारी सर एसटीनं आमच्या घरी आले.

"जयभीम सर," अण्णा म्हणाले. "पर एवढं नाव सोडून पोरीला आडगावाला कशापायी धाडायची? लोक म्हणतील, तिथं घेतलं नाय."

सर मग म्हणाले, "अण्णा, मीबी असाच नावाला भुललो होतो. परदेशात गेलो, पर गाईड भेटायचाच नाय; दोन वर्षांत सोडून आलो. विभागात सांगितलं, आई आजारी हाय. माझ्यामागून आमच्याच विभागाची दोन पोरं त्याच गाईडकडं गेली. मला सगळं ठाऊक होतं. लाजंनं तोंड उघडलं नाय. त्यातला एक पुन्हा पुस्तकाकडं वळलाच नाय."

अण्णांनी सरांना आग्रहानं जेवू घातलं. सोमवारी फ्लेक्स उतरला.

मी त्या आडगावाला गेले. तिथल्या पाच वर्षांत दर रविवारी सरांचा फोन यायचा, "गाईड भेटला का?" दर वेळी मी 'हो' म्हणू शकले. पीएच.डी. पूर्ण करूनच परत आले.

हे छापू का, असं परवा सरांना विचारलं. म्हणाले, "लिही. दमलो आता लपवून."

सर, तुम्हाला भरपूर आणि निरोगी वर्षं लाभोत, आणि त्या दोन मुलांचं ओझं आता तरी उतरवून ठेवा. यापुढे पोरं माझ्याकडे पाठवा. मीही थकले आहे, पण सांगेन.