सोळावा बोल्ट

दुपारी जेवून मी शेडमध्येच आडवी झाले आहे. पाठीखाली पोतं, उशाला जीपची जुनी सीट. झोपायचं मनात नाही, डोक्यात राग आहे, पण काल पंधरा बोल्ट सोडवून दंड असे भरून आलेत की डोळे आपोआप मिटतायत. मिटले की समोर तोच दिसतो, सोळावा.

आज खंडेनवमी. भिंतीला लागून फळी मांडली आहे. तिच्यावर पाने, हातोड्या, जॅक, सगळं ओळीनं ठेवून झेंडूच्या माळा घातल्यात. एकदा पूजा झाली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे मुरगूडच्या कुठल्याही गॅरेजात कुणाला सांगावं लागत नाही. ही पूजा मांडली माझ्या दिरानं, महिपतीनं. बावीस वर्षांत या शेडमध्ये त्यानं कधी साधी उदबत्ती लावली नाही, आणि आज उजाडताच आंघोळ करून हजर. काल सोडवलेले पंधरा बोल्ट त्यानं मोजून पाहिले होते. देवाला पुढं करून माझे हात बांधले आणि वर मला म्हणतो, "वैनी, दमलासा. आता बसा निवांत."

निवांत कशी बसू? गणपतीत त्यानं चार माणसांसमोर मुदत घातली. दसऱ्याला आमची ही बंद पडलेली जीप स्वतःच्या इंजिनावर शेडबाहेर आली, तर शेड माझ्याकडं. नाही आली, तर जीप भंगारात आणि शेडमध्ये त्याचं खताचं दुकान. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून फुटलेलं गॅस्केट बदललं की गाडी चालू होईल, हे मला माहीत आहे. हेड सोळा बोल्टांवर बसलेलं आहे आणि पुढच्या कोपऱ्यातला एकच गंजून धरून बसलाय. तो आज निघाला तरच उद्या जोडणी पुरी होते. जोर करताना तुटला तर अर्धा आत राहणार, मग तो काढायला लेथवाला शोधा, आणि सणाला लेथ कोण उघडतंय. आडवं पडून मी हाच हिशेब पुन्हा पुन्हा घालते आहे.

पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन पोटावर पडलंय. ते हळूहळू गळ्यापर्यंत येतं. दारात चपला घासल्याचा आवाज होतो. उजवी चप्पल जरा जास्त घासते, म्हणजे मिस्त्री आले.

मिस्त्री म्हणजे माझे मालक, धोंडीराम. त्यांना जाऊन आठ महिने झाले. मला हे झोपेतही ठाऊक आहे, पण मी उठून बसत नाही. जेवायला उशीर केल्यावर बघायची तशी त्यांच्याकडं बघते.

"काय करायलीस?" ते विचारतात.

"दिसत न्हाई व्हय? पडलोय."

"बोल्ट?"

"एक ऱ्हायलाय."

ते जीपकडं जातात. मीही जाते, पण शेड संपता संपत नाही. फरशी पांढरी होत जाते, फिनेलचा वास येतो, आणि मिस्त्रींचे शेवटचे दिवस गेले त्या कोल्हापुरातल्या दवाखान्यात जीप दोन खाटांच्या मधे उभी आहे. बॉनेट उघडं आहे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाय आखडून गाडीला जागा देतो. मिस्त्रींच्या हाताला सलाईनची पट्टी चिकटलेली आहे आणि त्याच हातात नारळ आहे.

दर दसऱ्याला ते हेच करायचे. सगळं गाव बॉनेटवर नारळ फोडतं, चाकाखाली लिंबू ठेवतं. आमचे मिस्त्री बॉनेट उघडायचे आणि नारळाचं पाणी इंजिनावर ओतायचे. वर्षभर राबती, तिला पण गोड प्यायला नको का, म्हणायचे. लोक हसायचे, मीही हसायची. पाणी नेहमी त्याच कोपऱ्यात पडायचं, कारण ते नेहमी त्याच बाजूला उभे राहायचे.

आता ते नारळ फोडतात. मी त्यांचं मनगट धरते.

"वतू नका."

"सोड. पंधरा वर्षं वततोय."

"म्हणून तर धरलाय त्यो. बाकीचं पंधरा निघालं. नारळाचं पाणी पिलेला तेवढा निघंना."

ते बोल्टकडं बघतात. मान खाली, ओठ आत ओढलेले. चूक झाली म्हणणारा माणूस नव्हताच हा. चूक झाली की पाना आपटून चहा सांगायचा.

"मला कोण बोललं न्हाई कधी," ते म्हणतात.

"तुमाला बोलायची सोय कुटं हुती."

म्हातारा खाटेवरून म्हणतो, बरोबर आहे बाईंचं. मिस्त्री नारळाची वाटी म्हाताऱ्याच्या हातात देतात आणि तो खोबरं खात बसतो. मला रडू येतं आणि त्याचाही राग येतो. आठ महिने मी यांच्यासाठी रडले आणि गाडी यांनीच आजारी केली.

पायाला पाणी लागतं. आम्ही वेदगंगेच्या घाटावर आहोत, आणि बोल्ट घाटाच्या दगडात रुतलेला आहे. गावातल्या बायका कपडे धूत आहेत. त्यांच्यामधे फळीही आहे, झेंडूच्या माळांसकट.

"पाइप लाव," मिस्त्री म्हणतात. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून लोंबकळायचं, ही त्यांची पद्धत.

"न्हाई लावणार."

"मग निघतोय कसला?"

"तुमच्या पाइपानं तीन गाड्यांचं बोल्ट तुटलं. मी हुतो तितं. तुमी जोर लावत हुता, मी आवाज ऐकत हुतो. तुटायच्या आदी कुरकुरतोय त्यो. तवा थांबायचं असतंय. तुमी कदी थांबला न्हाई."

"आज हत्यार उचलायचं न्हाई, ठावं हाय न्हवं? पाप लागंल."

"लागू दे. देवाला मी सांगतो काय सांगायचं ते. महिपतीला काय सांगू, ते सांगा."

कपडे आपटणाऱ्या बायका थांबतात. मिस्त्री हसतात. मला त्यांचं हसू हवं होतं, पण आता मी त्यानं विरघळायला तयार नाही.

"बावीस वर्षं तुमी हात म्हागं करायचा आन् मी पाना द्यायचा," मी म्हणते. "नंबर न सांगता. कदी चुकलो? एकदा तरी बोल्ट सोडवायला दिला मला? आता मी हात म्हागं करतो. तुमी द्या."

मी त्यांच्याकडं पाठ करते, दगडापाशी उकिडवी बसते आणि उजवा हात मागं करते. बराच वेळ काही होत नाही. नदी वाहतेय. वाटतं, गेलेच. मग हातात लोखंड येतं.

मी न बघताच म्हणते, "ह्यो सतरा हाय."

"बरं बरं." पाठीमागं खडबड. सबंध आयुष्य हात मागं करणाऱ्या माणसाला पाने शोधता येत नाहीत, हे मला तेव्हा कळतं. एकोणीस नंबरचा पाना हातात येतो. तो गरम आहे. त्यांची बोटं क्षणभर माझ्या बोटांवर राहतात.

"बोल्ट तापवलास?"

"तापवतो. तापवून मेण लावणार. मेण आत उतरलं की मग हात."

"मग सोडव."

"आदी आवळणार."

"आवळतीस काय? काढायचाय न्हवं?"

"इतकी वर्षं एकाच दिशेनं वढला त्याला तुमी. जरा आवळला की गंज आतल्या आत फुटतोय. मग म्हागं घ्यायचा. परत आवळायचा. परत म्हागं."

"कुणी शिकवलं तुला ह्ये?"

"कुणीच न्हाई. बघून बघून."

मी पाना लावते. घाट नाही, दवाखाना नाही, शेड आहे आणि ऊन आहे. मिस्त्री शेजारी उकिडवे बसलेत, माझ्या जागी. मी पाना घट्ट धरते, इतका घट्ट की तळहात दुखतो, आणि किंचित आवळते. कान लावते. तेही कान लावतात. मी त्यांच्याकडं बघत नाही, कारण बघितलं तर पाना सोडून त्यांनाच धरीन, आणि मग बोल्ट राहील.

"आक्काताई," ते म्हणतात. आख्ख्या संसारात त्यांनी मला नावानं हाक मारली नव्हती.

मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि डोळे उघडतात.

ऊन भिंतीवर गेलंय. फळी सहा हातांवर आहे, माळा जशाच्या तशा, एक पाकळी हललेली नाही. माझी उजवी मूठ वळलेली आहे. ती उघडायला डाव्या हाताची बोटं लावावी लागतात. तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एकोणीसचा आकडा उमटलाय, उलटा. कडा लाल आहेत. मी तो ओल्या फडक्यानं पुसून बघते, आणि तो जात नाही.

मी फळीपाशी जाते. हात जोडत नाही. माळ उचलून बाजूला ठेवते आणि पाना घेते.

बोल्ट तापवते, मेणबत्ती टेकवते. मेण धूर सोडत आत जातं. गार होऊ देते. पाना लावते, त्याच्यावरचा आकडा बरोबर तळहातावरच्या आकड्यावर बसतो आणि हात चरचरतो. किंचित आवळते. काही नाही. पुन्हा. आत कुठंतरी बारीक कट्ट होतं. मागं घेते, केसभर. कुरकुर ऐकू येते, मी थांबते. आवळते. मागं. तेल. आवळते. मागं. असं किती वेळ, सांगता येणार नाही. मग कुरकुर थांबते आणि बोल्ट फिरतो. पुढचे आटे मी पाना खाली ठेवून बोटांनी सोडवते, अख्खा बाहेर येईपर्यंत.

बोल्ट मुठीत कोमट झालाय. त्याच हातानं मी महिपतीला फोन लावते.

"व्हय वैनी?"

"शेडच्या दारात तुझी मोटरसायकल लावलीस न्हवं, ती आजच काढ," मी म्हणते. "उद्या मला गाडी बाहेर काढायचीय."